पाणी न घालण्याचं काम

मीरासाहेब बागवान १९६७ च्या फेब्रुवारीत तासगावाहून पिंपरीला आला, तो फिटर व्हायला. त्याच्याजवळ सांगलीच्या एका गॅरेजमालकानं लिहून दिलेला दाखला होता. त्यात ‘हा इसम चार वर्षे आमचेकडे असून इंजिन उघडतो’ असं म्हटलं होतं. उघडलेलं इंजिन परत जोडतो की नाही, याबद्दल दाखला गप्प होता.

ज्या कंपनीच्या फाटकाशी तो रांगेत उभा राहिला ती पंप बनवत असे. कंपनीचं नाव सांगायचं कारण नाही. पंप चांगले होते. पर्सोनेल ऑफिसर सरपोतदारसाहेबांनी त्याचा अर्ज वाचायला घेतला आणि ते आडनावाशीच थांबले.

"बागवान. म्हणजे बागेतलं कळत असेल तुला."

मीरासाहेबच्या घराण्यात निदान पाच पिढ्या फळं विकण्यात गेल्या होत्या. बागवान झाडापाशी पोचतो तो फळ उतरवायची वेळ झाल्यावर. त्याआधीचा उपद्व्याप दुसऱ्यांचा. पण सरपोतदारसाहेब जोशी असते तर त्यांना कुणी पत्रिका मांडायला लावली नसती, हे साहेबांना सांगण्याची ती वेळ नव्हती. मागं रांगेत तीसेक माणसं उभी होती आणि त्यातली निम्मी तरी खरी फिटर दिसत होती.

"कळतं की, साहेब," मीरासाहेब म्हणाला, आणि टेम्पररी माळी म्हणून लागला.

बाग म्हणजे फाटकापासून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत दोन बाजूंना हिरवळ आणि मधोमध झेंड्याच्या खांबाभोवती एक गोल वाफा. हिरवळ स्वतःची काळजी स्वतः घेत होती. वाफ्यात आधीच्या माळ्यानं गुलाब लावले होते. फाउंड्रीच्या धुरानं त्यांचा निकाल लावला होता. साहेबांची अट एकच होती. वाफ्यात रंग दिसला पाहिजे, आणि तो ऑफिसात येणाऱ्या पाहुण्याला पायऱ्या चढण्याआधी दिसला पाहिजे.

मीरासाहेबनं आठवडाभर इकडेतिकडे पाहिलं. चिंचवड स्टेशनवर, फलाटाच्या टोकाला, चुना फासलेल्या विटांच्या कड्यात त्याला एक झाड दिसलं. झाड म्हणणंही जास्तच. वीतभर उंच, जमिनीवर लोळणारं, पानं सुईसारखी पण रसानं फुगलेली. त्यावर रुपयाएवढी फुलं: राणी रंगाची, पिवळी, केशरी, पांढरी. पुस्तकात त्याला चिनी गुलाब म्हणतात. लोक त्याला ऑफिस टाइम म्हणतात, कारण त्याची फुलं ऊन वर आल्यावर नवाच्या पुढं उघडतात आणि दुपारी चारच्या आत मिटून मोकळी होतात.

"दोन काड्या नेऊ का?" त्यानं हमालाला विचारलं.

"सगळंच न्या," हमाल म्हणाला. "उपटून फेकलं तरी पडंल तिथं उठतंय ते."

ओल्या रुमालात गुंडाळून त्यानं काड्या आणल्या, वाफ्यात खोचल्या आणि पाहुण्यासारखा त्यांचा पाहुणचार केला. सकाळी झारी, संध्याकाळी झारी. नवव्या दिवशी काड्या बुडाशी मऊ झाल्या आणि आडव्या पडल्या. फिटर असल्यामुळे त्यानं उपटून आतला भाग तपासला. मूळ काळं, बोटांत धरलं की चिखल. बिघाड कुठला ते त्याला कळलं. दुसऱ्या खेपेला त्यानं फाउंड्रीमागच्या ढिगातून जळकी वाळू आणली. ओतीव लोखंडाचे साचे त्या वाळूचे करतात आणि दोनचारदा वापरली की ती टाकून देतात, त्यामुळे ती मागायला कुणाची सही लागत नव्हती. दोन पाट्या वाळू, एक पाटी माती, मूठभर जुनं शेणखत. वाफा मध्ये उंच, कडेला उतरता. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसायचं; दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच झारी उचलायची, नाहीतर हात मागं बांधून उभं राहायचं. शेंडे खुडत राहायचे, म्हणजे झाड उंच न जाता पसरतं.

दिवाळीपर्यंत खांबाभोवती चार रंगांची चार कडी उभी राहिली असती. पण त्याआधी ब्रेक आला.

ब्रेक म्हणजे काय, हे त्या पट्ट्यात कामगाराच्या पोरालाही ठाऊक होतं. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की माणसाला पर्मनंट करावं लागतं, असं सगळे धरून चालत. म्हणून कंपन्या दोनशे पस्तिसाव्या दिवशी टेम्पररी माणसाला निरोप देत आणि सात दिवसांनी तोच माणूस, त्याच कामावर, नवा म्हणून घेत. मधले सात दिवस त्याला फाटकाच्या आत येण्याची मनाई. आपण दर आठ महिन्यांनी पुन्हा जन्माला येतो याची माणसांना सवय होत असे.

झाडांना होत नव्हती. ऑक्टोबरातल्या त्या सात दिवसांत दुसरा एक टेम्पररी माणूस बागेवर आला. त्यानं दोन वेळा पाणी घातलं, प्रामाणिकपणे घातलं. मीरासाहेब परतला तेव्हा चारही कड्यांचा एकच रंग झाला होता, आणि तो रंग साहेबांना अपेक्षित नव्हता.

सरपोतदारसाहेबांनी टाइम ऑफिसच्या श्रीपाद खांबेट्यांना बोलावून घेतलं. खांबेटे टाइम ऑफिसचे हेडक्लार्क. चिंचवडगावात राहायचे, सायकलवर यायचे आणि तेराशे माणसांची हजेरी चेहरा न हलवता सांभाळायचे. बागेतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माणसं पुरवणं त्यांच्याकडे असल्यामुळे वाफा मेला तो त्यांच्या खात्यावर मेला.

"पुढच्या वेळी असं होता कामा नये," साहेब म्हणाले.

"मग ब्रेक देऊ नये," खांबेटे म्हणाले.

"ब्रेक दिलाच पाहिजे."

"बरं," खांबेटे म्हणाले. ते ‘बरं’ म्हणत तेव्हा पुढं काहीतरी होणार हे त्यांच्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं.

पुढचा ब्रेक आला तेव्हा खांबेट्यांनी मीरासाहेबला फाटकावर बोलावलं आणि व्हिजिटरची चिठ्ठी फाडून हातात दिली. नाव: मी. बागवान. कोणास भेटावयाचे: श्री. खांबेटे. कामाचे स्वरूप: खाजगी. आत: सकाळी ८.

"साहेब, आपलं खाजगी काम काय?" मीरासाहेबनं विचारलं.

"तुमचं तुम्हाला ठाऊक. मी तुम्हाला कामाला बोलावलेलं नाही. तुम्ही मला भेटायला आलेले आहात. मी कामात आहे. तोवर बाहेर झेंड्यापाशी बसायचं तर बसा."

"आनि तुमी मोकळं कवा होनार?"

"पाच वाजता," खांबेटे म्हणाले. "गुरुवार सोडून. गुरुवारी कंपनी बंद."

हा प्रकार सहा वर्षं चालला. दर ब्रेकला मीरासाहेब पगाराविना, हजेरीविना, रोज सकाळी आठ वाजता खांबेट्यांना भेटायला येई आणि त्यांना न भेटता पाच वाजता जाई. बदली आलेला माणूस बागेवर कामाला असे आणि मीरासाहेब त्याचं काम अडवायला. बदली माणसाचीही अडचण होती. हजेरी लागते म्हणजे काहीतरी करताना दिसायला हवं, आणि बागेत करताना दिसण्यासारखं काम एकच असतं. एकदा बदलीवर सोजरबाई नावाची बाई आली. पदर खोचून झारी भरायला निघाली. मीरासाहेबनं तिला वाटेतच गाठलं.

"मावशी, पानी नको. आजचा दिवस जाऊ द्या."

"मंग मी दिसभर करू काय? सायेब आला तर हातात झारी नको व्हय?"

"झारी घ्या की हातात. भरू नका."

सोजरबाईनं त्याच्याकडे, मग झारीकडे पाहिलं. "मोकळी झारी घेऊन हिंडू? येड लागलं म्हनतील मला."

"लांबनं कुनाला कळतंय मोकळी हाय ती?"

सहा दिवस ती मोकळी झारी वाकवत वाफ्याभोवती फिरली. सरपोतदारसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि ही बाई मेहनती आहे असा शेरा दिला. वाफा त्या मे महिन्यात असा फुलला होता, की पाहुणे पायऱ्या विसरून खांबाभोवती एक फेरी मारत.

बसल्या बसल्या मीरासाहेब बी गोळा करत असे. फूल गेलं की मागं वाटाण्याएवढं बोंड धरतं, पिकल्यावर त्याचं टोपण आपोआप उघडतं, आणि आत कानशीतून पडलेल्या किसासारखं बारीक काळं बी असतं. ते हातावर घेतलं तर वाऱ्यानं जातं. त्याला कागद हवा असे आणि खिशात कागद एकच असे. व्हिजिटरची चिठ्ठी जाताना वॉचमनकडे द्यायची असते. पण वॉचमननं दुसऱ्याच दिवशी "तुझी तूच ठेव बाबा, रोजचंच हाय तुझं," म्हणून हात झटकले होते. मीरासाहेब चिठ्ठीची पुडी बांधून पाठीवर रंग लिहायचा. कासारवाडीच्या त्याच्या खोलीत, फळीवर, डालड्याच्या डब्यात अशा पुड्या साठत गेल्या. दरम्यान त्याचं लग्न झालं होतं. जमिलानं तो डबा पहिल्यांदा राई म्हणून उघडला आणि नवऱ्याची किंमत ठरवताना ही गोष्ट कायम हिशेबात धरली.

जमिलाचं म्हणणं सरळ होतं. पर्मनंट माणसाची बायको आणि टेम्पररी माणसाची बायको, दोघी एकाच नळावर पाणी भरत असल्या तरी त्यांत फरक असतो. पर्मनंटला घरासाठी अर्ज करता येतो, आजारी पडता येतं, भांडता येतं. टेम्पररीला दर आठ महिन्यांनी पुन्हा नमस्कार करावा लागतो. मीरासाहेबला हे पटत होतं. झाडांचं त्याला काही विशेष वाटत होतं अशातला भाग नाही, निदान तो तसं कधी म्हणाला नाही. त्याला टिकट नंबर हवा होता. पितळी बिल्ला, त्यावर कोरलेला आकडा, जो पर्मनंट माणसाच्या खिशाला असतो आणि जो परत मागितला जात नाही.

१९७४ मध्ये मशीन शॉपमधला भैरू तापकीर युनियनचा जॉइंट सेक्रेटरी झाला. भैरू चऱ्होलीचा, घरची शेती असलेला, त्यामुळे नोकरी गेली तर काय होईल ही भीती त्याला बेताची होती. ब्रेकवर एक केस लढवायची त्यानं ठरवलं. पण प्रत्येक टेम्पररीची अडचण एकच: मधल्या सात दिवसांत आपण कामावर होतो हे दाखवायचं कशावरून? ते तर नव्हतेच.

"एक हाय," कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं. "तो माळी. ब्रेकमधी बी येऊन बसतो."

भैरू तडक कासारवाडीला गेला. "मीरासाब, तुमी ब्रेकमधी आत असता ह्याला पुरावा काय?"

मीरासाहेब डोकं खाजवू लागला. जमिलानं फळीवरचा डबा काढून भैरूपुढं ठेवला. "ये देखो. कचरा संबालके रखे सो."

भैरूनं एक पुडी उघडली. बी सांडलं. त्यानं चिठ्ठी उलटी करून तारीख वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली.  मग तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण आनंदाचं होतं. नऊ ब्रेक, सत्तेचाळीस चिठ्ठ्या.

केस दाखल झाली. नाव-आडनावानिशी, लेबर कोर्ट, पुणे. त्या दिवसापासून मीरासाहेबला नवा ब्रेक मिळेना, कारण आता ब्रेक देणं हेही पुराव्यात धरलं जाईल असं कंपनीच्या वकिलांनी बजावलं होतं. खांबेट्यांचं आणि त्याचं बोलणं फाटकावर मान हलवण्यापुरतं उरलं. साक्षीला दोघंही जाणार होते, वेगवेगळ्या बाजूंनी.

तारखा पडत पडत १९७६ चा एप्रिल उजाडला. आदल्या दिवशी युनियनच्या वकिलांनी मीरासाहेबला समोर बसवून तयारी करून घेतली. वकील हुशार होते, सदाशिव पेठेत राहत आणि झाड म्हणजे तुळस एवढी त्यांची ओळख होती.

"आपला मुद्दा सोपा आहे. मे महिन्याचं ऊन, सात दिवस. पाणी घातलं नसतं तर झाडं मेली असती. झाडं मेली नाहीत. म्हणजे पाणी घातलं. कोणी घातलं? तुम्ही. कळलं? विचारलं की म्हणायचं, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. अर्जात तसंच लिहिलंय."

"पन साहेब, त्याला पानी—"

"एवढंच म्हणायचं. पुढं बोलायचं नाही."

घरी आल्यावर मीरासाहेबनं जमिलाला हे सांगितलं.

"तो बोलो ना, डाल्या करके," जमिला भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमारा क्या जाता?"

"कोई माली सुन्या तो हसेंगा मेरेकू."

"कोरट में कौन माली बैठ्या?"

 एक वाक्य बोलायचं होतं. वाक्य बोललं तर बिल्ला, नाही बोललं तर पुन्हा दर आठ महिन्यांनी नमस्कार, आणि कदाचित तोही नाही. कोर्टात हरलेल्या टेम्पररीला परत कोण घेतो? सकाळी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि भैरूबरोबर पुण्याची बस धरली. वाटेत भैरूनं त्याला चार वेळा विचारलं, "ध्यानात हाय न्हवं?" आणि चारही वेळा तो म्हणाला, "हाय."

आधी खांबेट्यांची साक्ष झाली. चिठ्ठ्या पुढं आल्यामुळे बागवान आत येतच नव्हता असं कंपनीला म्हणता येईना. म्हणून तो खाजगी भेटीला येत होता अशी भूमिका ठरली होती. खांबेट्यांनी अक्षर आपलं असल्याचं मान्य केलं.

"अर्जदार कोणाला भेटायला येत?" युनियनच्या वकिलांनी विचारलं.

"मला."

"सत्तेचाळीस वेळा?"

"चिठ्ठ्या सत्तेचाळीस आहेत. वेळा चोपन्न असाव्यात."

"भेटीत काय बोलणं होई?"

"भेट होत नसे. मी कामात असे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. खांबेट्यांचा चेहरा हजेरीपुस्तकासारखा होता. त्यात जेवढं लिहिलं होतं तेवढंच दिसत होतं.

मग मीरासाहेब पिंजऱ्यात उभा राहिला. कंपनीचे वकील उलटतपासाला उठले. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, घड्यांत अडकलेलं बी कागदांवर काळं काळं सांडलेलं. कारकून ते मधूनमधून फुंकत होता.

"ब्रेकच्या काळात आपण काम करत होतो असं तुमचं म्हणणं आहे. काय काम? पाणी घालत होता?"

युनियनच्या वकिलांनी खुर्चीतून हळूच मान डोलावली. भैरू मागच्या बाकावर पुढं सरकला. मीरासाहेबनं दोघांकडे पाहिलं. मग कारकुनाच्या फुंकण्याकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला.

"नाही? अर्जात तर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो असं लिहिलंय."

"ते वकीलसाहेबांनी लिवलंय. त्यांच्या घरी तुळस हाय." कोर्टात कुणीतरी हसलं. "ह्या झाडाला सकाळ-संध्याकाळ पानी घातलं तर आठ दिवसांत कुजतंय, साहेब. ऊन कितीबी असू द्या."

"म्हणजे सात दिवस पाणी न घालता हे झाड जगतं?"

"जगतं की. खुशीत असतंय."

युनियनच्या वकिलांनी पेनाला टोपण लावलं. कंपनीचे वकील त्या क्षणी खाली बसले असते तर केस संपली होती. पण माणसाला आयता विनोद मिळाला की तो पुरवून खातो.

"मग सकाळी आठ ते पाच, रोज, तुम्ही तिथं काय करत होता? नुसते बसून होता?"

"जी. गुरुवार सोडून."

"बसणं हे काम?"

"बसायचं काम न्हवतं, साहेब. पानी घालू न देन्याचं होतं. बदलीवाला मानूस येतोय, त्याला काय म्हाईत? झारी उचलतोय. त्याला नको म्हनायचं. सहा दिवस नको म्हनायचं. मी न्हवतो तवा, पयल्या ब्रेकला, सगळा वाफा गेला. मी होतो तवा येकदाबी गेला न्हाई."

"आणि कंपनीतलं कोणी तुम्हाला हटकत नव्हतं?"

"कशापायी हटकतील? त्यास्नी वाफा पायजे होता."

बाहेर आल्यावर युनियनचे वकील भैरूला इतकंच म्हणाले, की असा साक्षीदार समोरच्या बाजूला मिळावा अशी प्रार्थना करत माणूस म्हातारा होतो. बसमध्ये भैरू देहूरोडच्या एका केसबद्दल बोलत राहिला, मीरासाहेबच्या केसबद्दल नाही. कासारवाडीला उतरताना तो शेवटी म्हणाला, "एक शबुद हुता, मीरासाब. योकच."

"व्हय," मीरासाहेब म्हणाला. "खोटा हुता पन."

जमिला दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा न बोलणं परवडलं असतं.

निकाल सहा महिन्यांनी लागला. निकालपत्र बारा पानांचं होतं आणि त्यातली अकरा कायद्याची होती. बाराव्यावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की अर्जदारानं ब्रेकच्या काळात झाडांना पाणी घातल्याचं सिद्ध झालेलं नाही, उलट न घातल्याचंच सिद्ध झालेलं आहे. तथापि, फाटकावरचा पहारेकरीही दिवसभरात काही घडवत नाही. काहीतरी घडू नये म्हणून तो तिथं असतो, आणि कंपनी त्याला कामावर समजते. अर्जदार खोटं बोलण्याची सोय असताना बोललेला नाही, त्यामुळे तो तिथं कशासाठी बसे याबद्दलचं त्याचं म्हणणं न मानण्याचं कारण दिसत नाही. खाजगी भेटीला येणारा माणूस चोपन्न दिवस भेट न होता बसून राहतो, हे मात्र मानणं कठीण आहे. सेवा अखंड धरावी. अर्जदारास कायम करावं.

भैरूनं पेढे वाटले आणि ही युक्ती आपल्याला सुरुवातीपासून सुचली होती असं जाणवू दिलं. मीरासाहेबला बिल्ला मिळाला: ११४३. जमिलानं तो चिंचेनं घासून लख्ख केला, तो आधीच लख्ख असताना.

सरपोतदारसाहेबांनी निकाल अक्षरशः पाळला. कोर्टानं कायम करा म्हटलं होतं. बागेत कायम करा असं म्हटलं नव्हतं. बागेला पर्मनंट जागा मंजूरच नव्हती. बाग एका कंत्राटदाराला देण्यात आली आणि टिकट नंबर ११४३ ला डिस्पॅचमध्ये नेमण्यात आलं. तिथं पंपांभोवती पेंढा भरून लाकडी खोकी ठोकायची होती. मीरासाहेबनं कागदावर सही केली. एकदा इंजिन उघडलेला माणूस अखेर यंत्रांपाशी पोचला होता, पण तो त्यांना झाकत होता.

डिस्पॅचच्या दारातून झेंड्याचा खांब दिसत असे. कंत्राटदाराच्या माणसानं रबरी नळी आणली होती. झारीपेक्षा तिला कष्ट कमी आणि पाणी जास्त. मीरासाहेब जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्याला सांगून आला. माणसानं ऐकून घेतलं, "आमच्या शेटला सांगा," म्हणाला आणि नळी सोडली.

"त्याच्यात पडू नका," भैरूनं बजावलं. "आता तुमी पर्मनंट. दुसऱ्याच्या कामात हात घातला तर चार्जशीट देतील, वाटच बघत्यात. मिळवलंय ते संबाळा."

मीरासाहेबनं अकरा दिवस सांभाळलं. अकरा दिवस तो दाराकडे पाठ करून खिळे ठोकत होता. बाराव्या दिवशी, सकाळी अकरा वीसला, त्यानं हातोडी खोक्यावर ठेवली, चालत जाऊन नळाचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं चाक काढून खिशात घातलं, आणि वाफ्यातली मऊ पडलेली रोपं उपटून कडेला टाकायला बसला. निम्मी अजून घट्ट होती. सरपोतदारसाहेब खिडकीत होते.

मेमो त्याच दिवशी निघाला. ‘आपण सकाळी ११.२० वाजता आपले नेमून दिलेले काम सोडून बागेतील काम करीत असताना आढळलात. आपणावर कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा ४८ तासांत करावा.’

मीरासाहेब तो घेऊन टाइम ऑफिसात गेला. खांबेट्यांनी दोनदा वाचला.

"बागेतील काम करीत असताना," ते म्हणाले. "दोन वर्षं वकील लावून आम्ही म्हणत होतो की पाणी बंद करणं हे काम नव्हे." आणि कागद टाइपरायटरमध्ये सरकवला. "खुलासा लिहू. चूक झाली, पुन्हा होणार नाही, दिलगीर आहे. बिल्ला राहील."

"लिवा."

खांबेट्यांनी लिहिलं.

"आनि खाली लिवा," मीरासाहेब म्हणाला. "सदर झाडास आठवड्यातनं एकदाच पानी. आधी बोट घालून बघायचं, दोन पेरं कोरडं पायजे. पावसाळ्यात अजिबात न्हाई. फुलं गेली की शेंडे खुडायचे."

"हा खुलासा आहे, मीरासाहेब. यात असलं लिहीत नाहीत."

"मंग मी सही करत न्हाई."

खांबेट्यांनी टाइपरायटरमधला कागद एक ओळ वर सरकवला. "बरं," ते म्हणाले, आणि टाइप करू लागले.

खुलासा सरपोतदारसाहेबांच्या टेबलावर गेला. कोर्टाचा निकाल ताजा होता, त्यामुळे चार्जशीटची घाई नको असं वकिलांनी फोनवर सांगितलं. ताकीद देऊन प्रकरण मिटवायचं ठरलं. पण आलेल्या कागदाचं काहीतरी करावं लागतं. साहेबांनी शेवटच्या चार ओळींखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात लिहिलं: ‘कंत्राटदारास प्रत, अंमलबजावणीसाठी.’

प्रत कंत्राटदाराकडे गेली, शिक्क्यासकट. शेटनं ती आपल्या माणसाला वाचून दाखवली. शिक्का आहे म्हटल्यावर माणसानं नळी गुंडाळून ठेवली आणि वाफ्यात बोट घालून पाहिलं. उरलेल्या निम्म्या झाडांनी मेपर्यंत मोकळी जागा भरून काढली. रंग कड्यांत न राहता एकमेकांत मिसळले, पण पाहुण्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. १९८१ मध्ये कंत्राटदार बदलला, तेव्हा नव्याला इतर अटींबरोबर तो कागदही देण्यात आला. त्याच्यावर ‘विषय: बेशिस्त वर्तनाबाबत खुलासा’ असं लिहिलेलं होतं. नव्या कंत्राटदारानं विषयाचा अर्थ विचारला नाही. तो आठवड्यातून एकदाच पाणी घालत राहिला.